वाडीभरचा ताप

भुंग्यानं दुधात कुस्करलेल्या भाकरीकडं नुसतं पाहिलं, तोंड फिरवलं आणि तो पुन्हा पोत्यावर आडवा झाला. भुंग्या म्हणजे चार महिन्यांचं काळंभोर पिल्लू. आदल्या दिवशीपर्यंत ते चपला, केरसुणी, दादासोंचा पटका, जे सापडेल ते चघळत होतं.

"आवं, सकाळपास्नं ह्यानं कायबी खाल्लं न्हाई," बनुबाई म्हणाल्या. "नाक कोरडं पडलंय. कान बघा कसं फणफणल्यात."

दादासोंनी कानाला हात लावला, भुवया चढवल्या आणि कोनाड्यातनं थर्मामीटर काढला.

रहिमतपूरच्या अलीकडच्या त्या वाडीत एवढा एकच थर्मामीटर होता. दादासो लष्करात खेचरांच्या तुकडीत होते आणि चौसष्ट साली नायक होऊन पेन्शनीवर घरी आले होते. येताना त्यांनी हा थर्मामीटर आणला होता. कुणाचं पोर फणफणलं, की रात्र असो दिवस असो, दादासो उठून जायचे. काच झटकायचे, उजेडात धरायचे आणि आकडा सांगायचे. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर वाडीत कुणी शंका घेत नसे. माणूसच तसा होता. हाती घेतलेलं काम अर्धं सोडलं, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

जनावराचा ताप कसा बघतात, हे त्यांनी पलटणीत पाहिलं होतं. तिथला डॉक्टर खेचराची शेपटी उचलून तिच्याखाली काच सरकवायचा. दादासोंचं काम खेचराचं डोकं धरायचं. त्यामुळं रीत त्यांना पाठ होती, पण डॉक्टर काचेवर कोणता आकडा शोधतो, ते डोक्याच्या बाजूनं कधी कळलं नाही.

बनुबाईंनी भुंग्याला मांडीवर धरलं. दादासोंनी काचेला गोडं तेल लावलं आणि शेपटी उचलली. भुंग्यानं आयुष्यात प्रथमच माणसाकडं अविश्वासानं पाहिलं.

"एकशे दोन!" दादासो म्हणाले.

"आगं बया!"

दादासोंनी डोकेदुखीची गोळी काढली. बनुबाईंनी ती हातातनं हिसकावून घेतली. "गोळी माणसाची, आन् जीव एवढासा! मारता काय त्याला?" त्यांनी फडकं पाण्यात भिजवलं, भुंग्याचे पंजे आणि कान पुसले आणि प्यायचं पाणी त्याच्या तोंडाशी ठेवलं. "आन् ही काच आता माणसाच्या तोंडात घालायची न्हाई. सांगून ठेवती."

दादासोंचं तिकडं लक्ष नव्हतं. त्यांना साथीची शंका आली होती. दारातच भुंग्याची आई चंद्री दोन भाकऱ्या खाऊन शेजारच्या कोंबड्यांवर भुंकत होती. दादासोंनी तिलाही धरलं. पारा एकशे दोनला चिकटलेला!

"हिला काय झालंय? चांगली भुंकतीया की," बनुबाई म्हणाल्या.

"आतला ताप हाय हा. वरनं कळत न्हाई."

मग ते आळीत निघाले. एका हातात थर्मामीटर, दुसऱ्या हातात साबणाच्या पाण्याचा तांब्या. एक कुत्रं झालं, की काच स्वच्छ धुवायची आणि पुढचं धरायचं. खरोखर बघण्यासारखं काम होतं ते. धनगराच्या वाड्यावरचं लांडग्याएवढं कुत्रं मालकालाही हात लावू देत नसे. दादासोंनी त्याच्याशी हळू आवाजात पलटणीतल्या हिंदीत काहीतरी बोलणं केलं. कुत्रं उभं राहिलं आणि काम होईपर्यंत हाललं नाही. बायका दारादारांतनं बघत होत्या. सबंध वाडी झाली, पण दादासोंना एका कुत्र्यानं साधं ओरबाडलंही नाही.

पण आकडा सगळीकडं तोच. कुठं एकशे एक, कुठं एकशे दोन. दादासोंचा चेहरा उतरत चालला.

शेवटी ते सरपंचांच्या घरी आले. सरपंच आप्पासाहेबांनी महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याकडनं पांढरं, केसाळ पिल्लू आणलं होतं. त्याचं नाव लिली. आप्पासाहेबांच्या बायको येसूबाई तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. लिलीनं शेपटीखालच्या काचेची दखलही घेतली नाही.

दादासोंनी काच उजेडात धरली. पारा बरोबर तांबड्या खुणेवर होता.

"अठ्ठ्याण्णव!" दादासोंचा आवाज आनंदानं फुटला. "आप्पासाहेब, सबंद वाडीत हे येकच कुत्रं निरोगी हाय!"

"म्हाबळेसरचं हाय ते," आप्पासाहेब मिशीवर बोट फिरवत म्हणाले. "हवाच तसली."

"रोज आंगूळ घालती मी," येसूबाई कौतुकानं म्हणाल्या. "गार पान्यानं, साबन लावून. पाऊस असू दे न्हाईतर काय असू दे, चुकवत न्हाई. आन् लय शानी झालीया. दोन दिस झालं, भुंकतबी न्हाई."

संध्याकाळी चावडीत दादासोंनी सगळा अहवाल सांगितला. कुत्र्यांना पाणी द्यावं, सावलीत बांधावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण वाडीतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ तात्याबा खाकरले.

"आदी ताप यीतो," ते म्हणाले, "मग कुत्रं पिसाळतं. आमच्या लहानपनी असंच झालं हुतं."

पिसाळतं म्हटल्यावर चावडीतली माणसं सावरून बसली. पोरंबाळं सगळ्यांच्याच घरी होती. मग सगळे एकदम बोलायला लागले. थोड्या वेळानं ठरलं, की नाथाजीनं उद्या बंदूक घेऊन निघायचं. नाथाजीकडं उसातल्या रानडुकरांसाठी परवान्याची बंदूक होती. लिलीला तेवढं वगळायचं.

दादासो ताडकन उठले. "आवं आप्पासाहेब, म्या औषद करा म्हनलं, गोळी घाला न्हाई म्हनलं!"

"दादासो, मोजलं कुनी? तूच न्हवं? तुझं माप कवा खोटं निघालंय?"

दादासोंनी पटका सावरला. "रहिमतपूरच्या डाक्टरला आनतो," ते म्हणाले. "तवर बंदुकीला हात लावायचा न्हाई."

"उद्या दुपारपत्तुर," आप्पासाहेब म्हणाले. "फुडं माझ्या हातात न्हाई, गड्या."

घरी येऊन दादासो भुंग्याशेजारी जमिनीवर बसले. "बरं करायला गेलो आन् मीच त्यांच्या जिवावर उठलो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. लढाईवरनं आलेल्या माणसाला असं बनुबाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

"रडून काय हुतंय?" बनुबाई म्हणाल्या. "पहाटं सायकल काढा. हिकडचं मी बघती."

दादासो उजाडायलाच निघाले. आषाढातली वाट, सगळीकडं चिखल. सायकल कधी त्यांच्याखाली होती, कधी त्यांच्या खांद्यावर. इकडं बनुबाईंनी भाकरीचे तुकडे पदरात घेतले आणि आळीआळीतनं "यू यू" करत फिरल्या. ज्यांना मारायचं ठरलं होतं, ती सगळी कुत्री त्यांच्या मागनं वरातीसारखी गोठ्यात शिरली. बनुबाईंनी कडी घातली आणि दारात विळा घेऊन बसल्या.

दुपार झाली तरी दादासोंचा पत्ता नव्हता. नाथाजी मात्र बंदूक घेऊन आला.

"वैनी, सरा बाजूला. पंचायतीचा हुकूम हाय."

"या भावजी. च्या घेनार?"

नाथाजीला नाही म्हणता येईना. चहा झाला. मग बनुबाईंनी पोहे आणले. मग पुन्हा चहा आणला. नाथाजी घाम पुसत म्हणाला, "आता सरा, वैनी."

"सरती की. आत तुमचा खंड्याबी हाय, तेवडं ध्येनात ठेवून बार टाका."

"खंड्या?" नाथाजीनं फटीतनं आत पाहिलं. धन्याचा वास येऊन खंड्या आतनं दार खरवडायला लागला. नाथाजीनं बंदुकीतनं काडतूस काढून खिशात घातलं, बंदूक भिंतीला टेकवली आणि तो बनुबाईंशेजारी उंबऱ्यावर बसला. "सरपंच आला, तर आपन दोगं हाय," तो म्हणाला.

सरपंच आलेच. त्यांच्या मागनं तात्याबा आणि अर्धी वाडी आली. शब्दाला शब्द वाढणार, इतक्यात वळणावर दोन सायकली दिसल्या. पुढं डोक्यापर्यंत चिखलानं माखलेले दादासो होते आणि मागं तितकेच माखलेले जनावरांचे डॉक्टर हुद्दार.

डॉक्टरांनी हात धुतले, भुंग्याला घेतलं आणि ताप पाहिला. मग चंद्रीचा पाहिला, मग खंड्याचा.

"एकशे दोन. तुमचं माप अगदी बरोबर आहे," ते म्हणाले.

"म्हंजी ताप हाय?" दादासोंनी कसंबसं विचारलं.

"नाही. म्हणजे कुत्रं आहे."

कुणालाच काही कळेना. डॉक्टर हसले. "अहो, कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. एकशे एक, एकशे दोन हे त्याचं रोजचंच. एकशे तीनच्या वर पारा गेला, खाणं सुटलं, अंग थरथरायला लागलं, डोळे लाल झाले, तर ताप समजायचा. मग पंजे-कान ओले करायचे, पाणी पाजायचं आणि मला बोलवायचं. आपल्या गोळ्या मात्र द्यायच्या नाहीत. नाक काय, नुसतं झोपेतनं उठल्यावरही कोरडं असतं."

"मग ह्यो खाईत का न्हाई?" बनुबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी भुंग्याचं पोट चाचपलं. ते ढोलकीसारखं वाजलं. "परवा बेंदूर झाला ना? बैलांच्या पुरणपोळ्या मोजल्या होत्यात का?"

वाडी हसायला लागली. आप्पासाहेब हसले, नाथाजी हसला, तात्याबासुद्धा पटक्याच्या शेमल्यात तोंड घालून हसले. दादासो एकटेच हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डाक्टर," ते म्हणाले, "कुत्र्याचं एकशे दोन बरुबर... तर मग अठ्ठ्याण्णव म्हंजी काय?"

डॉक्टरांचं हसू थांबलं. "कुणाचं अठ्ठ्याण्णव?"

दादासो उत्तर द्यायला थांबले नाहीत. ते सरपंचांच्या घराकडं पळत सुटले होते.

नुकतीच गार पाण्यानं न्हालेली लिली येसूबाईंच्या मांडीवर ओल्या बोळ्यासारखी पडली होती. हिरड्या फिक्या, पाय गार. मागनं आलेले डॉक्टर म्हणाले, "गारठून चाललंय पिल्लू. घोंगडं आणा. वीट गरम करून फडक्यात गुंडाळा. दूध आत्ता नको, आधी ऊब." दादासोंनी विटेची वाट पाहिली नाही. त्यांनी लिलीला कोरडं केलं, सदरा उघडून छातीशी धरलं आणि वरनं घोंगडं लपेटून चुलीपुढं बसले. येसूबाई कोपऱ्यात रडत होत्या. "वैनी, तुमी मायेनंच केलं," दादासो म्हणाले. "मीबी मायेनंच मोजलं. आता गप बसा, ही कान टवकारतीया."

डॉक्टर मधनंमधनं पारा बघत होते आणि दारात उभी असलेली वाडी श्वास रोखून होती. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शंभर. दिवस कलताना डॉक्टरांनी काच उजेडात धरली. "एकशे एक!"

"ताप आला! ताप आला!" वाडीनं एकच जल्लोष केला. लिलीनं घोंगड्यातनं डोकं काढलं आणि तात्याबांच्या अंगावर खच्चून भुंकली.

पुढच्या आठवड्यात आप्पासाहेबांनी चावडीत दादासोंचा सत्कार ठरवला. दादासो तयारच होईनात. "चूक केली म्या, आन् फेटा कशाचा बांदता?"

"तू चुकला नसतास, तर डाक्टर आला नसता," आप्पासाहेब म्हणाले. "डाक्टर आला नसता, तर लिली गेली असती. आन् चुकल्यावर चिखलातनं सायकल खांद्यावर घिऊन जानारा मला येक दुसरा दाखव. चल."

मग फेटा बांधलेले दादासो हलगीच्या तालावर आळीतनं निघाले. शेजारून बनुबाई चालत होत्या. पहिल्या घरापुढं एक कुत्रं उभं होतं. दादासोंना बघताच ते चटकन खाली बसलं. दुसऱ्या घरापुढचंही बसलं. खंड्या बसला. धनगराच्या वाड्यावरचं ते लांडग्याएवढं कुत्रंही घाईघाईनं बसलं. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळी कुत्री ओळीनं बसली. दादासो पुढं गेल्याखेरीज एकही जागचं उठेना.

तात्याबांना गहिवरून आलं. "बघा रं, बघा," ते म्हणाले. "मुकी जनावरं, पर मान कसा देत्यात!"

दादासोंनी दोन्हीकडच्या कुत्र्यांना कडक सलाम ठोकला. बनुबाईंनी तोंडाला पदर लावला. एकाही कुत्र्याची शेपटी दिसत नव्हती. प्रत्येकानं ती बुडाखाली घट्ट दाबून धरली होती.