बाळराजांच्या फौजेस दारूगोळा नव्हता, त्याची हकीकत

श्री धन्वंतरीस दंडवत घालून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, तीन वर्षांचे बाळराजे इंद्रनील यांचे देहराज्यात जे वर्तमान घडले, ते त्यांची आई लिहिते. आधी प्रमिलामावशी, म्हणजे आमच्या मातोश्रींच्या वडील बहीण, बोलिल्या की, "अगं, त्याला कुजक्या पाल्यात बसवू नकोस. आपल्याकडचे मुलगे नाजूक निघतात." आणि आम्ही शिकलेल्या, हसून म्हटले, "मावशी, मातीत खेळूनच प्रतिकारशक्ती वाढते," आणि बाळराजांचे हाती खुरपे देऊन गॅलरीतील खताचा डबा ढवळावयास बसविले. मग त्या डब्यातील बुरशी श्वासावाटे फुप्फुसात उतरली, आणि तेथे ठाणे देऊन बरगडीच्या हाडात शिरली, आणि ज्वर हटेना. मग इस्पितळी डॉक्टर मुजावरबाईंनी बुरशीवरील औषधाची कुमक शिरेवाटे धाडिली, आणि कुमक शर्थीने लढली, परंतु गनीम मागे सरे आणि पुन्हा चालून येई. ऐसे का होते म्हणोन रक्ताची पारख केली. बाई बोलिल्या, "ह्याच्या पांढऱ्या पेशी बुरशीला वेढतात, गिळतात, पण मारू शकत नाहीत. जन्मापासूनच." म्हणजे फौज उभी, शिपाई शूर, आणि बंदुकीत दारूच नाही, आणि रोज न्हाऊ घालणाऱ्या आम्हांस त्याचा पत्ता नाही.

मग बाईंनी पुसले, "तुमच्या माहेरी कुणाचे मुलगे लहानपणी गेलेत का? हा दोष आईकडून मुलग्यांत उतरतो." नाही म्हणणार होतो, तरी मावशींस फोन केला. त्या म्हणाल्या, "दोन गेले माझे. तुझ्या जन्माआधी, तापानंच. लोक म्हणाले, हीच पांढऱ्या पायाची. मग कुणापुढं बोलू?"

मग मसलत ठरली की, बुरशीचे औषध चालूच ठेवावे, आणि सोबत शिपायांस चेतविणारे इंटरफेरॉनचे इंजेक्शन कातडीखाली द्यावे. बाई म्हणाल्या, "एकट्या औषधानं भागेना, दोन्ही मिळून बघू. हमी मात्र मागू नका." बाळराजे सुई पाहून बोलिले, "बाबाला टोचा, तो मोठा आहे." आणि त्यांचे तीर्थरूपांनी मुकाट बाही वर केली. मग हळूहळू ज्वर उतरला, आणि छातीच्या फोटोतील डाग आकसला, आणि बाळराजांनी वरणभात मागितला.

मग आम्ही धाकट्या भगिनी ऋतुजाबाईंस फोन केला, कारण त्यांसही चार महिन्यांचा मुलगा. त्या बोलिल्या, "ताई, माझा ठणठणीत आहे. तुझं दुखणं माझ्या घरात आणू नकोस," आणि फोन ठेविला, तो अद्याप उचलीत नाहीत.

तात्पर्य, बाहेरील कुमक आणि घरची फौज एक जाहली तेव्हा राज्य तगले. औषधे चालूच आहेत. वाचणारांनी इतके करावे. आपल्या गोतात कोणा बाईचे मुलगे तापाने गेले असतील, आणि तिच्या बहिणीस अथवा भाचीस मुलगा असेल, तर आजच त्या घरी जावे, आणि तो ठणठणीत आहे म्हणाले तरी, रक्त तपासून घ्या म्हणावे.