नोंदणीकृत नातेवाईक

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी ती वीसपैकी एकोणीस गुण मिळवून उत्तीर्ण झाली. विषय होता, 'सिझेरियन : काय अपेक्षा ठेवावी'. बाळ पायाळू असल्यामुळे माझी शस्त्रक्रिया गुरुवारी ठरली होती, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या उशाशी बसणारा नातेवाईक प्रशिक्षित असलाच पाहिजे, असा रुग्णालयाचा नियम होता.

वर्गात सगळं सांगितलं गेलं. कण्यात इंजेक्शन घेताना रुग्णाने मांजरासारखी पाठ बाकदार करावी. छातीखालचं काही जाणवणार नाही. समोर पडदा असेल. दुखणार नाही, मात्र पोटात कोणीतरी कपाट आवरायला काढल्यासारखं वाटेल. नंतर खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरावी. आईने हे सारं वहीत दोन रंगांच्या पेनांनी उतरवून घेतलं. उशीचं प्रात्यक्षिक तर तिने इतकं मनापासून केलं, की शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमची तारीख कधीची?"

"झाली की! चौतीस वर्षांपूर्वीच," आई म्हणाली.

एक गुण गेला तो शेवटच्या प्रश्नात. रुग्ण घाबरल्यास नातेवाइकाने काय करावे? आईने लिहिलं होतं, डोक्यावरून हात फिरवावा. बरोबर उत्तर होतं, माहितीपत्रकातील पान चार दाखवावे.

"हा गुण माझ्या हक्काचा होता," घरी येताना ती धुसफुसत होती. "मी पेपर पुन्हा तपासायला लावणार आहे."

"लाव की," मी म्हणाले. तेवढंच बोलणं झालं. मंगळवारी सकाळी ती उठली नाही.

बुधवारी मी आणि नवरा रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी उभे होतो.

"नोंदणीकृत नातेवाईक बदलायचाय," नवरा म्हणाला.

"कारण?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"त्या काल वारल्या."

बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "तसा रकाना नाहीये. आजारपण, परगाव आणि मतभेद, एवढे तीनच आहेत."

"मग परगाव लिहा."

"लिहिते. परत कधी येणार?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीच्या गजांकडे पाहिलं.

"असं करा," तो म्हणाला, "त्यांच्याऐवजी मी बसतो."

"तुम्ही कोण?"

"मी नवरा."

"नवरा असणं ही पात्रता नाही. वर्ग केलाय?"

"नाही."

"पुढचा सोमवारी आहे."

"अहो, तोवर बाळ झालेलं असेल!"

"मग तुम्हाला वर्ग हवाय कशाला?"

शिवाय बदलाच्या अर्जावर मूळ नातेवाइकाची सही हवी होती, तीही समक्ष. दुसऱ्या रुग्णालयात जायचं तर इथला ना हरकत दाखला हवा, आणि त्यावरही त्याच नातेवाइकाची सही. मृत्यूचा दाखला मिळायला पंधरा दिवस होते.

"तोपर्यंत आमच्या लेखी त्या हयात आहेत," बाई म्हणाल्या.

त्या दोन दिवसांत समाचाराला पुष्कळ लोक येऊन गेले होते. इतकं दिलासा देणारं वाक्य त्यांच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं.

खात्री करून घ्यायला बाईंनी अर्जावरचा नंबर फिरवला. माझ्या पर्समध्ये आईचा फोन वाजू लागला. मी तो घेतला नाही, बंदही केला नाही. बाईंनी शांतपणे नोंद केली, 'संपर्क चालू. तूर्त व्यग्र.' मग अर्जावर शिक्का मारून म्हणाल्या, "काळजी करू नका हो. येतील त्या."

गुरुवारी सकाळी माझ्या उशाशी एक खुर्ची मांडलेली होती. तिच्या पाठीला हिरवा झगा घातलेला, वर टोपी, खाली मास्क. नातेवाइकांना चक्कर येते म्हणून दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडे पाहायचा नियम असल्याने सिस्टर खुर्चीकडे पाहत होत्या आणि तक्त्यात लिहीत होत्या, 'नातेवाईक शांत. घाम नाही.' नवरा बंद दाराबाहेर होता, अप्रशिक्षित.

इंजेक्शन झालं, पाय परके झाले, पडदा लागला. पलीकडे सर्जन हातमोजे घालून, हात वर धरून तयार. तेवढ्यात देखरेख विभागाच्या मोठ्या बाई यादी घेऊन आत आल्या.

"नातेवाईक उपस्थित?"

"कागदोपत्री उपस्थित," सिस्टर म्हणाल्या.

"कागदावर भागत नाही. पडताळणी लागते. त्याशिवाय सुरी लावता येणार नाही."

"भूल काही दिवसभर टिकत नाही, बाई," भूलतज्ज्ञ म्हणाले. "बाळ पायाळू आहे. कळा सुरू झाल्या तर काय करायचं?"

मोठ्या बाईंनी नियमावली चाळली. माणूस म्हणून वाईट नव्हत्या. नियमात बसवून मदत करायची त्यांची मनापासून इच्छा होती. "हे बघा, सापडलं. रुग्णाने नातेवाइकास उद्देशून स्पष्ट आवाजात बोलावे, व नातेवाइकाने हरकत न घेतल्यास उपस्थिती सिद्ध समजावी." त्या माझ्यावर वाकल्या. "बोला ताई. काहीही चालेल. फक्त खरं असावं, आणि सगळ्यांना ऐकू आलं पाहिजे."

चौतीस वर्षांत मी आईशी पुष्कळ बोलले होते. गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का, पोचले, ठेवते. जिवंत माणसाशी याहून अधिक काही बोलायला कुठलाच नियम भाग पाडत नाही, म्हणून तर तुम्हीआम्ही बोलत नाही. आणि तुम्हाला वाटतं, न बोललेलं त्यांना कळतंच.

दिव्याखाली पाच माणसं माझं तोंड उघडायची वाट पाहत होती. मी मान वळवली.

"आई," मी स्पष्ट आवाजात म्हणाले, "मला तू लागतेस गं. मला तू कायमच लागायचीस."