साडेचार तारे आणि एफ रांग

"उन्हाळ्यातल्या सिनेमांचं मला विचारा! पहिल्या दहा मिनिटांत ओळखतो मी, माल कसला आहे ते!"

आवक-जावक विभागातले हेडक्लार्क दर सोमवारी हे छाती फुगवून सांगायचे, आणि त्यातलं दहा मिनिटांचं तेवढं शंभर टक्के खरं होतं. ते दहाच मिनिटं बघायचे! अकराव्या मिनिटाला एसीचा गारवा मानेला लागला, की मान खांद्यावर कलायची. मग दिवे लागल्यावर ते उठायचे, "बरा होता" म्हणायचे आणि पायाने चपला चाचपायचे.

तरीही ऑफिसात त्यांना सगळे 'परीक्षक' म्हणत. सूचनाफलकावर, रजेच्या यादीशेजारी, त्यांच्या सुवाच्य अक्षरातला कागद लागायचा. यंदाच्या उन्हाळ्यात तर दर आठवड्याला नवा सिनेमा आणि नवा कागद. हेलिकॉप्टरांच्या मारामारीचा सिनेमा: 'खांद्यात फुगलेला, कमरेत सैल. दोन तारे.' भुताचा: 'अस्तर उत्तम, वरचं कापड विरलेलं. भूत दिसेपर्यंतच भीती वाटते.' पैलवानाचा तिसरा भाग: 'जुनाच कोट उलटा करून शिवलाय. एक तारा, तोही पैलवानाला भिऊन.'

"काय भाषा आहे हो तुमची!" टायपिस्टबाई म्हणायच्या. "सुचतं तरी कुठून?"

"आतून येतं," परीक्षक डोळे मिटून सांगायचे.

आतून म्हणजे आतल्या खोलीतून. तिथे त्यांच्या बायकोचं शिलाई मशीन होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे ती शिवायची, आणि सिनेमाही हातात टेप घेतल्यासारखा बघायची. परतताना रस्ताभर तिची टकळी चालायची. नवरा हं हं करत ऐकायचा आणि सोमवारी सगळं कागदावर उतरवायचा. वीस वर्षं पत्रांवर शिक्के मारताना त्याला कोणी साधा प्रश्न विचारला नव्हता. आता माणसं त्याच्या टेबलापाशी थांबत होती, आणि ते त्याला फार हवंहवंसं वाटायचं.

पण एका रविवारी मेहुणा आला. पैलवानाच्या सिनेमावर बोलणं निघालं. बायको काही सांगायला गेली, तर हा मेहुण्यासमोर रुबाब करत म्हणाला, "तू तुझं मशीन बघ गं. सिनेमातलं तुला काय कळतंय?"

तिने कात्री खाली ठेवली. "बरं," म्हणाली. एवढंच!

नेमके त्याच आठवड्यात मोठे साहेब निवृत्त व्हायचे होते. साहेब म्हणाले, "मला हार नकोत, भाषणं नकोत. शुक्रवारी ऑफिस सोडतो, शनिवारी सगळे घरच्यांना घेऊन सिनेमाला जाऊ. कोणता, ते परीक्षक ठरवतील!"

परीक्षकांना आभाळ ठेंगणं झालं. त्या संध्याकाळीच ते बायकोला घेऊन नवा सिनेमा बघून आले. म्हणजे बायकोने बघितला. परतताना त्यांनी कान टवकारले, पण टकळी बंद!

"कसा वाटला गं?"

"होता."

"म्हणजे, कापड कसं होतं?"

"मला काय कळतंय?"

घर येईपर्यंत त्यांनी नाना परीने विचारून बघितलं. तिच्या तोंडाचं कुलूप निघेना. माफी मागितली असती तर निघालं असतं, पण तेवढं एक त्यांना सुचलं नाही. शेवटी स्वतःच्या दहा मिनिटांवर त्यांनी कागद लिहिला. त्या दहा मिनिटांत एक हसरे आजोबा होते, ऑफिसातला शेवटचा दिवस होता, नातवंडं होती आणि समुद्रावर जायचा बेत होता. 'निखळ कौटुंबिक आनंद! निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाने बघावा! साडेचार तारे!!'

शनिवारी दुपारी अख्खं ऑफिस बायकापोरांसकट थिएटरात हजर. साहेब सपत्नीक मधोमध, त्यांच्या मागे एफ रांगेत परीक्षक आणि मुकी बायको. आजोबा हसले, साहेब हसले. नातवंडांनी बॅगा भरल्या. साहेब मागे वळून म्हणाले, "वा, परीक्षक!"

आणि अकराव्या मिनिटाला, निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी, आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले!

परीक्षकांची झोप खाडकन उडाली. पुढचा तासभर पडद्यावर मुलं घरासाठी भांडत होती, आणि साहेबांच्या पत्नी साहेबांची नाडी बघत होत्या. मध्यंतर झालं. साहेब हळूहळू वळले.

"परीक्षक, मी काल निवृत्त झालो. आज दुसरा दिवस आहे!"

"साहेब, ते... म्हणजे कलात्मक दृष्टीने..."

"तुम्ही सिनेमा बघितला होता ना?"

परीक्षक हातातलं तिकीट उलटसुलट करून बघू लागले. वीस वर्षांत मिळवलेला एकुलता एक मान हातचा जाताना त्यांना स्पष्ट दिसत होता. साहेबांच्या पत्नी पर्स घेऊन उठल्या. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"बसा हो वहिनी. पहिला भाग मुद्दाम घट्ट शिवलाय. पुढे आजी घराला कुलूप लावते, पोरांना किल्ली देत नाही आणि एकटी समुद्रावर जाते. तिथे शिवण सैल सोडलीय, श्वास घेता येतो. टाका कुठे चुकलेला नाही."

टायपिस्टबाईंनी आधी तिच्याकडे बघितलं, मग परीक्षकांकडे. "अगंबाई! शिवण? टाका?"

परीक्षक स्वतःच्या चपला निरखू लागले.

"म्हणजे फलकावरचं सगळं...?" साहेबांनी विचारलं.

"तारे यांचेच हो," बायको म्हणाली. "ते मोजून तेच देतात."

सगळे इतके हसले, की साहेबही हसले आणि त्यांनी पत्नीला हाताला धरून खाली बसवलं. अंधार झाल्यावर परीक्षक पुटपुटले, "चुकलो गं. मेहुण्यासमोरसुद्धा सांगतो."

"सांगाल. आता निदान बघा तरी," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तिचा आवाज असा ऐकून त्यांना अगदी भरून आलं. त्यांच्या मनावरचं ओझं उतरलं. एसीचा गारवा मानेला लागला.

सोमवारी फलकावर नवा कागद होता. अक्षर परीक्षकांचंच, पण मजकूर बायकोने उभं राहून सांगितला होता आणि एकही शब्द गाळू दिला नव्हता:

'चार तारे. आजी झकास, साहेब दोनदा रडले, एकदा टाळ्या वाजवल्या. समुद्राच्या लाटांचा आवाज अप्रतिम. मात्र एफ रांगेतून त्याला जी घोरण्याची साथ होती, ती कापून टाकावी.'