चिंधी सिस्टर

सन दोन हजार तेवीस. माझं वय बहात्तर. आधार कार्डावर काय लिहिलंय ते आधार कार्डालाच माहीत. इतकी वर्षं जगलो, पण एखाद्या परक्या पोरीनं भर दवाखान्यात माझ्या धोतराचा सोगा चिमटीत धरून नाकाला लावावा, असं कधी घडलं नव्हतं. त्या साली मे महिन्यात घडलं.

"आजोबा, सुती हाय का वो?"

"मग काय प्लास्टिकचं घालून आलो व्हय?" मी सोगा हिसकून घेतला.

"सुती हाय, पण जाड हाय," ती आपल्याशीच बोलली. मग तिची नजर वर चढत चढत माझ्या पटक्यावर गेली आणि तिथंच थांबली. घोडेगावच्या बाजारात दलाल म्हशीच्या कासेकडं बघतो ना, तशी. मी पटका दोन्ही हातांनी दाबून बसलो.

तर ही अश्विनी. पाथर्डीकडची. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बाळंतिणींच्या वॉर्डात शिकाऊ म्हणून लागली होती. अंगानं काडी, आवाज मात्र उसाच्या ट्रॅक्टरवाल्याचा. खांद्याला एक कापडी पिशवी, ती कधी उतरायची नाही. अख्खा वॉर्ड तिला चिंधी सिस्टर म्हणायचा आणि तीही खुशाल ओ द्यायची.

मी तिथं का होतो ते आधी सांगतो. वैशाली माझी नात, लेकाची थोरली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आमच्याकडं आली होती. आमचं गाव नेवाशाच्या अलीकडं. पहाटेच कळा सुरू झाल्या. लेकानं जीप काढली, तिला, सूनबाईला आणि मला दवाखान्यात सोडलं आणि उसाला पाण्याची पाळी होती म्हणून तो माघारी गेला. सूनबाई शोभा आत. आत पुरुष माणसाला घेत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यात. दवाखाना कुठला ते सांगत नाही, सगळीकडं बाकं सारखीच असतात.

मला एका जागी बसवत नाही. बाकावर बसलो, उठलो, नळापर्यंत गेलो, परत आलो. आतून कुणी ओरडलं की वाटायचं वैशालीच. तंबाखूची पुडी दारावरच्या माणसानं काढून घेतली होती. माणसानं करावं तरी काय?

आता त्या चिंध्यांचं. बाळ जन्मलं की पहिले दिवस त्याला नवं कापड लावायचं नाही, ही आपल्याकडची रीत. आजीचं लुगडं, आजोबाचं धोतर, जे धुऊन धुऊन लोण्यासारखं झालंय त्यात गुंडाळायचं. पूर्वी घरोघरी तसलं गाठोडं असायचं. आता बायका सगळ्या नायलॉनमध्ये. लोक येतात ते दुकानातला डबा घेऊन. अश्विनीला ते खपायचं नाही. म्हणून ती दिसेल त्याच्या कापडाला हात लावायची, हुंगायची आणि मागायची. तिच्या हिशेबानं तालुक्यात खरं सुती कापड आता फक्त म्हाताऱ्या गड्यांच्या अंगावर उरलं होतं. मिळालेली चिंधी ती उकळायची, उन्हात वाळवायची आणि पिशवीत ठेवायची. न उकळलेलं कापड घेऊन कुणी बाळाजवळ गेलं तर सासू असो नाहीतर सरपंच, ती हात धरून बाहेर काढायची.

मीही डबा आणलाच होता. श्रीरामपूरला मेन रोडवरून. पिवळं झबलं, लेस लावलेली टोपी, टोपीला सशाचे कान. नातजावयाची माणसं बघायला येतील, आपलं हसू नको. अश्विनीनं डबा उघडला, टोपी काढली आणि मला काही कळायच्या आत तिची लेस माझ्या गालावरून फिरवली.

"टोचलं का?"

"थोडं."

"तुमचा गाल बहात्तर वर्सांचा हाय आजोबा. उन्हानं भाजून निघालेला. आता त्या जिवाचा इचार करा." डबा बंद करून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. "दुकानातलं दुकानात."

हे तिचं ठरलेलं बोलणं. दुकानातलं दुकानात. दुसरं होतं ते आतल्या बायांसाठी. कुणी कळांनी घाबरून हातपाय झाडायला लागली की ही तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणायची, "दम खा, माय. एस्टी सुटत न्हाई आपली." स्वतः मात्र दिवसभर एस्टी सुटल्यासारखी पळत होती.

खरं तर मी तिला सकाळीच एकदा पाहिलं होतं. चूळ भरायला दवाखान्याच्या मागं गेलो, तिथं तारेवर चिंध्या वाळत होत्या. ही पोरगी एका लुगड्याच्या तुकड्यात तोंड खुपसून उभी. हिरवा काठ, बाकी मूळ रंग कुठला ते देवालाच ठाऊक. कापड ओलं, पाणी तिच्या कोपरावरून गळतंय. मी चूळ भरली, खाकरलो, तोंड पुसलं, तरी ती हलेना. मी शोभाला दारातून बोलावून सांगितलं, "इथली एक पोरगी येडी हाय. वैशालीला तिच्यापासून लांब ठेव."

आणि झालं असं, की वैशाली दिवसभर तिलाच धरून होती. डॉक्टरबाई आल्या की ही आत, गेल्या की दोघी व्हरांड्यात फेऱ्या मारताहेत. वैशाली दोन पावलं टाकायची, थांबायची, हिच्या खांद्यावर डोकं टेकायची. मग पुन्हा दोन पावलं. माझ्यासमोरून जाताना नात मान खाली घालायची, आजोबासमोर कण्हायची लाज. अश्विनी मला म्हणायची, "आजोबा, भिंतीकडं बघा जरा." बहात्तर वर्षांच्या माणसाला भिंतीकडं बघायला लावलं तिनं. आणि मी बघितलं.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर येऊन शोभाला म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर नगरला न्यावं लागेल." मग मला बसणं जमेना की उभं राहणं. नगरच्या रस्त्याचे खड्डे मला एकेक पाठ आहेत, त्यातून वैशाली कशी जाणार? आमची म्हातारी असती तर आत तरी गेली असती. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

अश्विनीची कामाची पाळी दुपारीच संपत होती. तिच्या जागी येणारी पोरगी तापानं पडली, म्हणून ही राहिली. जेवणाचा डबा तसाच खुंटीला. त्या दिवशी बाळंतपणंही अशी लागली, की आतून एक रडं थांबेपर्यंत दुसरं सुरू. पिशवी चपटी होत चालली. मग ती व्हरांड्यात आली आणि सरळ माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आजोबा, पटका द्या."

व्हरांड्यातली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"काय म्हणालीस?"

"पटका. मलमल हाय. सकाळपासून बघतीय मी. लांब हाय, पाच-सा बाळं निघतील त्यात. ऊन हाय अजून, उकळून टाकला तर घटकाभरात वाळंल."

"पोरी, डोक्यावरचा पटका माणूस कवा काढतो माहीत हाय का? घरात कुणी मेल्यावर!"

"मग जन्माला काढला तर काय बिघडलं?"

"माझा पटका लंगोटाला?" माझा आवाज चढला. "ह्या पटक्यानं मी सोसायटीच्या मीटिंगा केल्यात. आमदाराच्या मांडीला मांडी लावून जेवलोय ह्या पटक्यात!"

"मग त्याला बाळाची मांडी बी दाखवा की," ती म्हणाली. लोक हसले. मी शाळा तिसरीत सोडली, पण शाळेनं मला सोडलं नव्हतं, मी तिला सोडलं होतं. एकदा नाही म्हटलं की नाही. मी नाही म्हणालो आणि तोंड फिरवून बसलो. तिनं पिशवीत हात घातला, आतलं काहीतरी चाचपलं, आणि आत गेली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आतून वैशालीची एकच हाक आली, मग अश्विनीचा तो ट्रॅक्टरवाला आवाज, "आलं, माय, आलं, आता सोडायचं न्हाई!" आणि मग ते रडणं. मी कितीतरी वासरांचे पहिले हंबरडे ऐकलेत, पण असं काही ऐकलं नव्हतं. भिंतीला धरून उभा राहिलो. नगरचा रस्ता टळला.

शोभानं बाळ दारात आणून दाखवलं. मुलगी. नाक वैशालीचं, कपाळावरची आठी माझी. डोळे भरून बघणार, तोच माझं लक्ष कापडावर गेलं. हिरवा काठ. सकाळचा तोच तुकडा, ज्यात ती येडी पोरगी तोंड खुपसून उभी होती.

माझं डोकं फिरलं. माझ्या घरचं पहिलं पणतवंड आणि कुणाच्या तरी उतरलेल्या लुगड्यात? मी तडक मोठ्या सिस्टरांच्या टेबलाकडं गेलो. त्या वॉर्डच्या मुख्य, चष्म्यावरून बघणाऱ्या.

"आमच्या बाळाला कुठल्या रस्त्यावरच्या चिंधीत गुंडाळलंय हे? मला कापड बदलून पायजे."

त्यांनी चष्मा काढला.

"आजोबा, ती चिंधी रस्त्यावरची नाही. ते अश्विनीच्या आईचं लुगडं आहे. आई-बाप ऊसतोडीला जायचे. कारखान्याच्या फडातल्या पाचटाच्या कोपीत ही जन्मली, तेव्हा हिलाही त्यातच गुंडाळलं होतं. आई मागच्या वर्षी गेली. पोरगी तो तुकडा उशाखाली घेऊन झोपायची. धुवायची नाही."

"का?"

"धुतलं की आईचा वास जाईल म्हणून. काल पिशवी संपत आली, आज कापड कमी पडणार हे तिला दिसत होतं. सकाळी तिनं स्वतःच तो तुकडा आणून उकळत्या पाण्यात टाकला. तरी म्हणत होती, दुसरं कुठं मिळालं तर हा नाही काढायचा."

तारेजवळ ती उभी होती ते डोळ्यांपुढं आलं. ओल्या कापडात ती काय शोधत होती ते आता कळलं, आणि तिला ते सापडलं नव्हतं हेही कळलं.

परत येताना ती मागच्या पायरीवर दिसली. शेवटी डबा उघडला होता. भाकरीचा तुकडा हातात तसाच, डोळे मिटलेले. माझ्या चपलांचा आवाज ऐकून दचकून उठली.

"काय झालं? बाळ पीत न्हाई का?"

"पितंय," मी म्हणालो. "तू खा. एस्टी सुटत न्हाई."

ती हसली. पहिल्यांदाच तिचा आवाज लहान वाटला, माझ्या वैशालीएवढा. मला आणखी काही म्हणायचं होतं, पण जमलं नाही. मला तसलं बोलता येत नाही आणि शिकण्याचं वय गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी दवाखान्यासमोरच्या चहावाल्याकडं गेलो आणि त्याचं मोठं पातेलं मागितलं.

"बाबा, ह्यात चहा होतो," तो म्हणाला.

"आज पटका होणार हाय. नंतर घास आणि कर चहा."

पटका सोडला. डोक्याला वारं लागलं, कसंतरीच वाटलं. पातेल्यात दाबला आणि चांगला रटरटेपर्यंत उकळू दिला. काठीनं काढून मागच्या तारेवर टाकला. वाळत होता तेवढ्यात आमच्याच गावचा एक माणूस नळावर आला, माझं उघडं डोकं बघून जागीच थबकला. डोक्यावरची टोपी काढत हळूच म्हणाला, "तात्या, कोण गेलं वो?"

"टोपी घाल," मी म्हणालो. "पणती झाली मला."

तो मला येडा समजला असेल. समजू दे.

पटका वाळला तसे मी त्याचे हातानं तुकडे केले. जुनी मलमल, नुसतं धरलं तरी फाटत होती. पहिला तुकडा शोभाकडं आत पाठवला, म्हटलं, बाळाला ह्यात घे आणि ते हिरव्या काठाचं मला बाहेर दे. रात्रभर बाळ त्यात झोपलं होतं. मी त्याची घडी घातली.

अश्विनी आली तेव्हा पिशवी खांद्याला होतीच, रिकामी, वाऱ्यानं हलत होती. मी सगळे तुकडे तिच्या हातात दिले. तिनं वरचा चिमटीत धरला, सवयीनं नाकाशी नेला, मग माझ्या डोक्याकडं बघितलं आणि काही बोलायला तोंड उघडलं. मी तिला बोलू दिलं नाही. हिरव्या काठाची घडी पुढं केली.

"उकळून दिलेलं न्हाई हे," मी म्हणालो. "धुतलंबी न्हाई. रातभर पोरगी झोपली हुती ह्यात. वास हाय तिचा. धुवू नको."

सगळ्या जगाची कापडं हुंगणारी ती पोरगी, घडी हातात घेऊन नुसती उभी राहिली. मग भिंतीकडं वळली आणि तोंड त्यात खुपसलं. बराच वेळ.

आतून कुणीतरी ओरडलं. "आले, माय, दम खा!" म्हणत ती पळाली, पण घडी पिशवीत नाही टाकली, ड्रेसच्या आत गळ्याशी सरकवली.

मी उघड्या डोक्यानं व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसलो. येणारे-जाणारे बघत होते. बसलो ते बसलोच, लेक जीप घेऊन येईपर्यंत उठलो नाही.