ढिम्म राहण्याचा प्रयोग

बायकोला वळण लावायचं असं मी ठरवलं तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं. म्हणजे कळायला हरकत नव्हती. ऑफिसात आवक-जावकच्या माझ्या टेबलावर कुणी तरी मानसशास्त्राचं पुस्तक विसरून गेलं होतं. त्यात म्हटलं होतं, ज्या वागण्याचं फळ मिळतं ते वाढतं. फळ मिळेनासं झालं की ते हळूहळू बंद पडतं. हिच्या करवादण्याला मी दर वेळी उत्तर देतो, तेच तिचं फळ (हा माझा शोध). गोड बोलली की उत्तर द्यावं, असंही पुढे होतं. पण सुरुवात कडक हवी म्हणून मी सरसकट ढिम्म बसलो.

"ओला टॉवेल पुन्हा गादीवर?"

मी पेपर वाचत राहिलो.

"अहो, मी भिंतीशी बोलतेय का?"

मी पान उलटलं.

आठवडाभर तिचा आवाज चढत गेला. आधी असं होतंच, असं पुस्तक सांगत होतं, म्हणून मी खूश. दुसऱ्या आठवड्यात सगळं बंद. टॉवेल ती निमूट वाळत घालायची. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

मग लक्षात आलं, आमचं सगळं बोलणं टॉवेलपासूनच सुरू व्हायचं. तिथून ती माझ्या आईवर, मग लेकीच्या परीक्षेवर आणि शेवटी स्वतःच्या गुडघ्यांवर यायची. आता चहा ठेवून नुसती बघायची. घर खायला उठलं. मी मुद्दाम दोन टॉवेल गादीवर टाकून पाहिले. दोन्ही वाळत गेले.

एके सकाळी ती माझ्या कानाशी वाकून ओरडली, "आज कानाच्या डॉक्टरकडे जायचंय." तिचे डोळे भरले होते. "आधी वाटलं, माझंच काही चुकलं. मग कळलं, तुम्हाला ऐकूच येत नाही."

मला स्वतःची लाज वाटली. खरं सांगायचंच, असं ठरवून मी गेलो. पण कानांवर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. आणि काचेपलीकडे हात जोडून ही. बटण दाबलं तर इतके दिवस तिचं ऐकून गप्प बसलो हे उघड होणार. उजव्या कानाला दाबलं. डाव्या कानाला माझं धैर्य झालं नाही.

आता धडधाकट कानात मशीन आहे. तिचं करवादणं दुप्पट ऐकू येतं आणि प्रत्येक वाक्याला मी धावत उत्तर देतो. परवा ती बहिणीला फोनवर सांगत होती, "फार गुण आला गं. इतकं तर हे लग्न झाल्यापासून कधी ऐकत नव्हते. आता उजव्या कानालाही एक बसवून घेऊ म्हणते."