गाडीतून उतरवलेले पाहुणे

निजामाच्या राज्यातली गोष्ट सांगतो म्हणलं की तुम्ही लगेच सरसावून बसणार. आता घोड्यांच्या टापा येणार, बंदुका येणार, मी ज्वारीच्या कणगीत लपणार आणि शेवटी कुणीतरी छातीवर गोळी झेलणार. तसलं काही येणार नाही, आधीच सांगतो. आमच्या येडशीत बंदूक एकच होती, नाक्यावरच्या शिपायाची, आणि ती तो लुंगी वाळत घालायला वापरायचा. मला आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का दिला तो आमच्या शेजारच्या भुसार दुकानदारानं. हा माणूस भर दिवसा, सगळ्या गावासमोर, गाडीतनं जिवंत माणसं काढून न्यायचा.

सामान नाही. माणसं.

नाव गुरलिंगआप्पा. साठीकडं झुकलेले, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरा पटका. धंद्यात इतके सरळ की पारड्यावर माशी बसली तर ती उडेपर्यंत माप थांबायचं. आप्पा खोटं बोलले असं गावात कुणी ऐकलं नव्हतं. आणि हाच माणूस गाडीची शिट्टी ऐकली की दुकानाला कुलूप घालून फलाटावर यायचा आणि तोंड उघडायचा ते निव्वळ थापा मारायला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातला पेरू चावायचंच मी विसरलो.

मी तेव्हा उस्मानाबादच्या शाळेत मॅट्रिकला आपटून घरी आलो होतो. उर्दूनं घात केला होता. बाकी काही येत नसलं तरी मला नकला यायच्या, आणि गावात करमणूक दुसरी नव्हती. येडशीत बघण्यासारख्या गोष्टी दोनच. एक घाटातलं रामलिंग आणि दुसरी गाडी. रामलिंगाला श्रावणातल्या सोमवारी सगळा मुलूख लोटायचा. गाडी बघायला आम्ही रोजच लोटायचो.

गाडी छोटी होती. बार्शीकडनं यायची, घाट चढून धापा टाकत फलाटाला लागायची आणि इंजिन पाणी प्यायला थांबायचं. तेवढ्यात आप्पा खिडकी-खिडकी फिरणार. कुठलं गाव, विचारणार. उत्तर ऐकून मान हलवणार, पुढच्या खिडकीला जाणार. मधेच एखाद्या खिडकीपाशी त्यांचा चेहरा खुलायचा आणि मग सुरू.

"आलाय तसं रामलिंग बगूनच जावा. देव काय उठून टेशनात येनार हाय?"

मुसाफिर म्हणायचा, गाडी सुटेल. त्यावर आप्पांचं ठरलेलं असायचं. "कशी सुटंल? इंजनाला तहान लई. आन् रामलिंग म्हंजी काय, हे त्या लिंबामागं."

त्या लिंबामागं दुसरं लिंब होतं. रामलिंग तिथनं चांगलं तासाभराच्या वाटेवर, तेही दरीत उतरून. पण माणूस उतरायचा. का उतरायचा हे मला आजही सांगता येत नाही. गोड बोलणाऱ्या म्हाताऱ्याला नाही म्हणणं आपल्याकडच्या माणसाला जमत नाही, एवढंच. दुपारी हा माणूस घामाघूम होऊन टेशनात पळत यायचा तेव्हा रूळ मोकळे असायचे. आप्पा मागनं सावकाश यायचे आणि रुळांकडं असं बघायचे, जसं काही कुणी गावची विहीरच उचलून नेली.

"गेली? अशी कशी गेली? आपल्याला न इचारता?"

हे रोज. आणि रोजचं आश्चर्य तेवढंच ताजं. ही माझी हुकमी नक्कल होती. चहाच्या दुकानात मी भुवया वर करून "गेली?" एवढं म्हणलं की लोक आधी बशी खाली ठेवायचे, मग हसायचे.

पुढची गाडी दुसऱ्या दिवशी. त्यामुळं गाडी चुकलेला माणूस कुणाचा पाहुणा, हे सांगायला नको. आप्पांच्या घरात दोघंच, आप्पा आणि गंगव्वा. लेकरूबाळ नाही. अव्वा लग्न होऊन आल्या त्या आळंदकडच्या कानडी मुलखातनं. एके काळी त्यांचा आवाज आमच्या घरातली भांडी हलवायचा. मग लकवा मारला, अर्धं अंग गेलं, आणि तेव्हापासनं त्या घरात आहेत की नाहीत हेही कळेना. गल्ली म्हणायची, वाचा गेली. पाहुण्याला तिथं भाकरी, शेंगाची चटणी, दही असं सगळं मिळायचं, आणि सकाळी शिदोरी बांधून आप्पा स्वतः गाडीत बसवायचे. आदल्या दिवशी शिव्या देत गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी आप्पांचे हात धरून निरोप घ्यायचा. हे एक मला उलगडायचं नाही.

आणखी एक उलगडायचं नाही ते म्हणजे माणूस निवडायचे कसे. एकदा बार्शीचे एक वकील खास रामलिंगच बघायला म्हणून उतरले. कोट, छत्री, बरोबर डबा. त्यांनी आप्पांना वाट दाखवता का म्हणून विचारलं. मला वाटलं आप्पा आता त्यांना खांद्यावरनं नेतील. आप्पा म्हणाले, "सरळ जावा. माकडं दिसली की खाली उतरा." आणि वळून त्यांनी कुणाला उतरवलं, तर टोपल्यात वांगी घेऊन निघालेल्या एका म्हातारीला, जिनं रामलिंगाचं नाव ऐकलं नव्हतं आणि जिचे दोन्ही गुडघे धरले होते. तिच्यासाठी बैलगाडी जुंपली. वकील छत्री टेकून बघत राहिले, मी वकिलांकडं बघत राहिलो. दोघांचीही तोंडं उघडीच.

एकदा मीही मागनं गेलो. रामलिंग खरंच बघण्यासारखं आहे. चहूकडनं झाडी, देवळाला वळसा घालून गेलेली नदी, पावसाळ्यात वरनं कोसळणारं पाणी. रामानं घायाळ जटायूला पाणी पाजायला इथं बाण मारला, हे आमच्याकडं लहान पोरही सांगतं. पण आप्पांचं तेवढ्यावर भागत नव्हतं. कातळावरची एक चीर दाखवून त्यांनी त्या दिवशीच्या पाहुण्या कासाराला सांगितलं की ही जटायूची चोच घासलेली. कासार हात जोडायला वाकला, तर माकडानं त्याचा रुमाल पळवला. आप्पांनी त्याचं सांत्वन केलं. "माकडानं नेला म्हंजी देवाला पोचला. पावती मिळाली समजा." दुसऱ्या दिवशी दुसरा पाहुणा आणि तीच चीर, ती आता सीतामाईच्या जात्याची झाली होती. मी हळूच म्हणलं, आप्पा, काल इथं चोच होती. ते जराही न बावचळता म्हणाले, "कालचा पाव्हना निराळा व्हता."

मी हादरलो. माशीसाठी माप थांबवणारा माणूस देवाच्या दारात असा वागतो?

हे कुठवर चालणार. एके दिवशी आप्पांनी जो उतरवला तो निघाला नवरीचा मामा. लातूरकडं लग्न होतं. इकडं मामा रामलिंगाची माकडं मोजतोय, तिकडं पोरगी बोहल्यावर उभी आणि तिला धरून आणायला मामाच नाही. दोन दिवसांनी नवरीकडचे चार लोक टेशनात आले. त्यांनी जे बोलून दाखवलं त्याची नक्कल मी आईसमोर करू शकत नाही. ते गेल्यावर टेशनमास्तरानं आप्पांना सगळ्यांसमोर बोलावलं आणि बजावलं, यापुढं एक जरी मुसाफिर मागं राहिला तर तुम्हाला फलाट बंद, आणि वर पोलीस अमिनाच्या हवाली करीन.

मला वाटलं आता आप्पा म्हणणार, "अशी कशी बंद?" मी नक्कल करायला टपूनच होतो. पण आप्पांचा रंग उडाला. त्यांनी पटका काढून हातात घेतला आणि पोराच्या वयाच्या त्या मास्तरापुढं वाकून म्हणाले, "अमिनाकडं द्या सायेब. फलाट तेवढा बंद करू नगासा."

लोक हसायचे थांबले. तुरुंग चालेल आणि फलाट पाहिजे, हा कसला छंद? त्या दिवशी चहाच्या दुकानात मला नक्कल करायला लावली, ती मला आली नाही.

त्यानंतर आप्पा टेशनात आले तरी कुंपणाच्या अलीकडं उभे राहायचे. गाडी आली की कान लावून ऐकायचे, सुटली की घरी जायचे. पुढं तेही बंद झालं. दुकान दिवसभर उघडं, आप्पा गादीवर, आणि पारड्यात माशा खुशाल बसलेल्या.

मग एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "तुला बायकांच्या नकला येत्यात न्हवं?"

मी म्हणलं, येत्यात.

"अक्कलकोटकडच्या बाईची येती का? कानडीतली?"

आता मला लकवा मारायची वेळ आली. मी विचारलं, आप्पा, कशाला? आप्पा पोत्यावरचं सुतळीचं टोक ओढत बसले. मग एकेक शब्द काढत त्यांनी जे सांगितलं ते असं. अव्वांची वाचा गेलीच नव्हती. लकव्यानं मराठी तेवढी पुसली. तीस-पस्तीस वर्षांची मराठी गेली आणि लहानपणची कानडी उरली. माहेरात आता कुणी राहिलं नाही, आणि गावात कानडी कुणाला येत नाही. बोलायला माणूस नाही म्हणून त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. एकदा एक कानडी वाटसरू खरोखरच गाडी चुकून त्यांच्याकडं राहिला, तेव्हा अव्वा दिवे लागेपर्यंत बोलत होत्या. त्या दिवसापासनं आप्पा खिडकी-खिडकी कानडी माणूस शोधत होते.

"मग तुम्ही बोला की," मी म्हणलं. "बाजारात बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी तर बोलता."

"मला दुकानापुरती येती. तूर, हरबरा, कमी कर, परवडत न्हाय. बायकूसंगं काय हरबऱ्याचा भाव बोलू?"

मला तरी कुठं कानडी येत होती? गाडीतल्या बाया बोलताना ऐकून तिचा नुसता हेल उचललेला. मी तसं सांगितलंही. आप्पा म्हणाले, "हेलच कर. आवाज तरी कानावर पडू दे तिच्या."

गेलो. अव्वा आतल्या खोलीत दाराशी बाजेवर. मी दाराआड बसलो, डोक्यावर पंचा घेतला, का घेतला देव जाणे, आणि बारीक आवाजात सुरुवात केली. "ऊट आत्री, अव्वा?" जेवण झालं का, एवढं खरं. त्यापुढं सगळं माझ्या पदरचं, नुसता हेल आणि सूर.

आत काही हललं नाही. मग आवाज आला. वर्षभरात न ऐकलेला, अव्वांचा. आधी एक शब्द, मग दोन, आणि मग पोतं उसवून ज्वारी सांडावी तसं. मी मधे मधे "हौद्री, हौद्री" म्हणत होतो, म्हणजे हो जी, हो जी. आप्पा दह्याची वाटी घेऊन उभे होते, आणि त्यांचे डोळे असे की मी तिकडं बघायचं टाळलं. अव्वांनी काहीतरी विचारलं. मी म्हणलं, हौद्री. त्या थांबल्या. पुन्हा तेच विचारलं, जरा सावकाश. मी जास्त जोरात म्हणलं, हौद्री.

बाजेशेजारची काठी दारावर आपटली, फळी उघडली आणि मी दिसलो. पंचासकट, फुटलेल्या मिशीसकट.

मी हळूच विचारलं, "आप्पा, काय विचारलं त्यांनी?"

"तुला दाढी येती का म्हून इचारलं," आप्पा म्हणाले. "तू दोनदा व्हय म्हनलास."

अव्वांनी माझ्याकडं बघितलं, मग आप्पांकडं, आणि सुरू झाल्या. अर्धं तोंड वाकडं, पण उरलेलं अर्धं पुरून उरलं. काठी एकदा माझ्याकडं वळायची, मग बराच वेळ आप्पांकडं.

"काय म्हणतात?"

"शिव्या देतीया. तुला येक. बाकी समद्या मला." आप्पा माझ्याकडं न बघताच सांगत होते. "म्हनती, लोकाच्या गाड्या बुडवल्या. त्या मुदकीच्या, वांगीवाल्या म्हातारीच्या, नातीचं बारसं बुडवलं, तिनं हितं बसून डोळं पुसलं. मामाबिगर पोरगी बोहल्यावर हुबी ऱ्हायली. म्हनती, तुमाला लाज न्हाय, आता ह्ये माकड धरून आनलं."

"आप्पा, तुम्हाला तर दुकानापुरतीच येते म्हणालात."

"शिव्या येत्यात की. रागाला आली की कानडीतच द्यायची, पैल्यापास्नं." अव्वांचा आवाज खाली आला होता, पण थांबला नव्हता. त्या तेच तेच म्हणत होत्या. मी आप्पांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

"म्हनती, दुनियेला धरून आनून बसवता," आप्पा म्हणाले. "तुमी का बसत न्हाईसा."

एवढं बोलून ते उंबऱ्यावर बसले, वाटी हातात तशीच. मी पंचा काढून उठायला लागलो तर काठी माझ्यावर रोखली गेली. बसलो. अव्वांना दम लागला होता. आप्पांनी तांब्या पुढं केला. त्यांनी पाणी घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि जिथं थांबल्या होत्या तिथनंच आप्पांना झापायला पुन्हा सुरुवात केली.