एक सीट कमी हाय

तमाम वाचकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येतं, की सव्वीस जानेवारीच्या सकाळी आमच्या येडशीत झालेली धर्मादाय शर्यत रीतसर सुरू झाली, रीतसर पळाली, पण रीतसर संपली नाही. एका माणसानं ती संपूच दिली नाही. किसनमामा, एसटीतले निवृत्त कंडक्टर. या ऐतिहासिक खोळंब्याचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे, कारण मंडप माझा, स्पीकर माझा आणि माईकही माझ्याच हातात होता.

मामा निवृत्त झाले ते एसटीच्या कागदावर. खुद्द मामांना ते अजून मान्य नाही. ते माणसं मोजत नाहीत, सीटा मोजतात. लग्नात पंगत बसली की हे टोकाला उभे: "पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय!" शेजारच्या बारशाला पाळण्यात वाकून बाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "ही सीट अजून पाच वर्सं फुकट हाय." आरती संपली की सगळे हात जोडतात, मामा म्हणतात, "डबल बेल!"

कायद्याला इतके पक्के, की सख्ख्या बायकोलाही सूट नाही. सुंदरमामी त्यांच्या गाडीनं माहेरी नळदुर्गला जायच्या. मामा त्यांचं पुरं तिकीट फाडायचे आणि खिडकी कधीच द्यायचे नाहीत. "लोक म्हंतील, कंडक्टरची बायकू म्हनून बसवली." मामी हे गाऱ्हाणं गल्लीभर सांगायच्या. "तीस वर्सं त्या गाडीत बसले, पर तुळजापूरचा घाट काय बघाय मिळाला न्हाय. निस्ती शेजारनीची टोपली बघितली."

गेल्या पावसाळ्यात मामी न्हाणीत घसरल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं, वॉकर आला. डॉक्टर म्हणाले, चाला. मामी घरातल्या घरात चालतात, पण उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. "ह्ये चार पायाचं घोडं घिऊन लोकांत मिरवू व्हय?"

रोज संध्याकाळी दोघं स्टँडवरच्या बाकावर बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या बघत. आता मामा एकटेच बसतात. शेजारी खाकी पिशवी. कुणी टेकायला गेलं की, "सीट रिझर्व हाय." आम्ही हसायचो. मी तर जास्तच.

तर शर्यत. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांसाठी चाकाच्या खुर्च्या घ्यायच्या होत्या, म्हणून गावानं ठरवलं, पळायचं! स्टँडपासून रामलिंगच्या फाट्यापर्यंत आणि परत. नंबर तपासायचं काम मामांनी मागून घेतलं. जुन्या बाजारातून त्यांनी तिकिटाला भोक पाडायचा पंच विकत आणला होता. नियम असा, की फाट्यावर छातीवरच्या नंबरला एक भोक, परत आल्यावर दुसरं. दोन भोकं नसतील तर शर्यत बाद.

सकाळी मी मंडपात पोचलो तर मामांनी माझ्या नव्या कोऱ्या कनातीची एक बाजू सोडून, गुंडाळून, चौकोनी भगदाड पाडलेलं. त्याला लागून एक खुर्ची, खुर्चीवर खाकी पिशवी.

"मामा, थंडी किती पडलीय! कनात का सोडली?"

"असू दे. वारं लागतंय."

"वारं लागतंय म्हणूनच कनात लावतात!"

मामांनी ऐकलं नाही. त्यांनी शिट्टी मारली, "डबल बेल!" म्हणून ओरडले, आणि अख्खी येडशी सुटली. काय ते दृश्य! भरतीची तयारी करणारी पोरं बाणासारखी, गुरुजी धोतर खोचून, बचत गटाच्या बाया नऊवारीवर बूट घालून. रस्त्याच्या कडेला म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघायला लागल्या. मामा त्यांच्या लुनावरून आधीच फाट्यावर हजर. गणेश नावाचा पोरगा वाऱ्यासारखा पहिला पोचला, तर मामांनी त्याला छातीला धरून थांबवला.

"मामा, सोडा की! पहिला चाललोय!"

"पहिला असशील तुझ्या घरी. नीट उभा ऱ्हा, भोक वाकडं पडतंय."

मामांचं सरळ भोक पडेपर्यंत मागचे तिघे येऊन धडकले. तरीही गणेशच पहिला आला. मी माईकवर इतका ओरडलो, की घसा बसला. हळूहळू सगळे आले. शेवटच्याच्या मागोमाग लुनावरून मामाही आले आणि त्यांनी एकेकाला दुसरं भोक पाडलं. धाराशिवहून आलेले पाहुणे बक्षिसं देऊन परत तिकडं झेंडावंदनाला जाणार होते. आल्या आल्या ते भगदाडाजवळच्या खुर्चीत बसायला लागले, तर मामा धावले. "साहेब, ही सीट रिझर्व हाय." साहेब बिचारे दुसरीकडं बसले आणि घड्याळ बघू लागले.

"मामा, आता करा जाहीर. संपली शर्यत," मी म्हणालो.

"एक सीट कमी हाय."

"कोण?"

मामा माझ्याकडं बघेनात. "चौऱ्याहत्तर नंबर."

मी यादी काढली. चौऱ्याहत्तर. मामांच्या अक्षरात लिहिलं होतं: सुंदराबाई.

मी माईकवर हात ठेवला. मामा हळूच म्हणाले, "सकाळी नंबर उशाला ठिवून आलो. तिनं भिंतीकडं तोंड केलं."

"मग येतील का?"

"ठाव न्हाय." पंच त्यांच्या मुठीत नुसताच टकटक वाजत होता. "पर गाडी सोडून दिल्यावर कशी येईल?"

पाहुण्यांचा ड्रायव्हर उठला. गुरुजींनी मला खूण केली, आटपा. मी माईकवरचा हात काढला. मग मी आवाज पूर्ण वाढवला. मामांचं घर शेवटच्या वळणावरच, भोंग्याच्या टप्प्यात.

"चौऱ्याहत्तर नंबरच्या पाशिंजर, कुठं असाल तिथून या! किसनमामा गाडी सोडंनात! अख्खं गाव खोळंबलंय!"

काही नाही. मी पुन्हा ओरडलो. तिसऱ्यांदा ओरडायला तोंड उघडलं, आणि वळणावरचं दार उघडलं.

आधी वॉकर बाहेर आला. मग मामी. पदराला नंबर टाचलेला. एक पाऊल, थांबा. एक पाऊल, थांबा. शंभर पावलांचा रस्ता. गणेशनं पहिल्यांदा टाळी वाजवली, मग मंडपात कुणी बसलेलं राहिलं नाही. ड्रायव्हर निघायचं विसरला आणि साहेब उभे राहिले. बचत गटाच्या बाया "या मामी, या!" म्हणून नाचायला लागल्या. मी माईकवर जे काही बरळलो ते मला आजही आठवत नाही.

मामी रेषेवर पोचल्या. मामा पुढं झाले. टक.

"मामा," गणेश खिदळला, "मामींना फाट्यावरचं भोक न्हाय! शर्यत बाद!"

मामांनी गणेशकडं बघितलं. तीस वर्षांच्या नोकरीकडंही बघितलं असावं. आणि मग, टक. दुसरं भोक. वाकडं पडलं.

मग त्यांनी भगदाडाजवळच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसली. माझ्या हातातला माईक चालूच होता, त्यामुळं पुढचं सगळ्या येडशीनं ऐकलं.

"बस. खिडकीची हाय."

मामी बसल्या. कनातीच्या त्या चौकोनातून त्यांनी बाहेर बघितलं, रस्ता, स्टँड, गाड्या, ऊन. मग नवऱ्याकडं वळून धापा टाकत ओरडल्या, "अगं बया! खिडकीसाठी एवढंच पळायचं व्हतं, तर तवाच सांगायचं की ओ!"